लोखंड ओतायचं, पोकळी घडवायची

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा साचा मिटण्याआधी त्यात वाळूचा कोअर ठेवतात. चार वाकडे फाटे एका तोंडाला येऊन मिळालेले. रेझिन चढवलेली वाळू गरम पेटीत कडक झालेली असते, तरी जरा धक्का लागला की कड झडते. वितळलेल्या लोखंडाचा रस या कोअरभोवती भरतो. जॉब थंड झाला की कोअर फोडून काढतात. मागे उरते ती पोकळी, आणि इंजिनाचा श्वास तिच्यातूनच चालतो.

कोल्हापूरचं हे कसब शेतातल्या ऑइल इंजिनाभोवती वाढलं. नदीचं, विहिरीचं पाणी उसाला चढवणारी इंजिनं दुरुस्त करता करता उद्यमनगरातले हात सुटे भाग घडवू लागले. त्या एका सिलिंडरच्या इंजिनाला धूर बाहेर नेणारा साधा पाइप पुरायचा. चार सिलिंडर आले की मात्र एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येतो.

हिशेब करून पाहा. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर 10 मिलिसेकंदांनी एक सिलिंडर धूर सोडतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो, म्हणून वायू धक्क्यानेच सुटतो. दाबाची लाट तापलेल्या पाइपमधून सेकंदाला 500 मीटरहून अधिक वेगाने धावते. पाइप जिथे एकदम रुंद होतो तिथून ती उलटते, पण उलटताना कमी दाबाची होऊन येते. इनलेट आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर उघडे असताना ती पोचली, तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताजी हवा आत शिरते. वेळ चुकली, तर शेजारच्या सिलिंडरचा धूरच आत ढकलला जातो.

म्हणून 1-3-4-2 या क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात 1 आणि 4 यांची जोडी लावतात, 2 आणि 3 यांची दुसरी. जोडीतल्या एकाने धूर सोडल्यापासून दुसऱ्याने सोडेपर्यंत क्रँकची पूर्ण फेरी जाते. पाइपची लांबी ठरवते की हा लाभ कोणत्या वेगाला मिळेल; सगळ्याच वेगांना तो मिळत नाही. टर्बोच्या डिझेलला वेगळं हवं असतं: वाटेत धुराची धग आणि जोर वाया न घालवणारी आटोपशीर वाट.

त्या धगीपायीच साधं बीड अनेकदा पुरत नाही. सतत तापण्या-निवण्याने ते तडकतं, म्हणून सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम घातलेलं एसजी आयर्न (गोलाकार ग्रॅफाइटचं बीड) वापरतात.

इंजिनाच्या ताकदीचं श्रेय आराखडा काढणाऱ्याला मिळतं. मला त्यात कोअर शॉपचा वाटा मोठा वाटतो. कोअर दोन मिलिमीटर सरकला, तर एका बाजूची भिंत पातळ होते. पेटीच्या सांध्यावर वाळूची कड तुटली, तर तिथे रस शिरून वायूच्या वाटेत लोखंडाची धार उभी राहते. जॉब घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याचा ग्राइंडर तोंडाशी पोचतो. आतल्या वळणापर्यंत तो जात नाही. तिथला पृष्ठभाग कोअरने जसा सोडला तसाच गाडीत बसतो.