स्मार्ट मीटर : भय कशाचे धरावे आणि कशाचे धरू नये

महाराष्ट्रातील घराघरांतून गेली दोन-तीन वर्षे ज्या एका यंत्राविषयी मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली आणि जिन्याखाली मीटर बदलावयास आलेल्या माणसांना रहिवाशांनी परत पाठविले, त्या स्मार्ट मीटरसंबंधी दोन्ही बाजूंनी इतके काही सांगितले गेले आहे की, त्यातील खरे कोणते आणि ऐकीव कोणते याची निवड करणे सामान्य ग्राहकास दुर्घट होऊन बसले आहे. केंद्र सरकारने २०२१ साली वीजवितरणाच्या सुधारणेसाठी ३,०३,७५८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली व तीत देशभर पंचवीस कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसविण्याचे योजिले. त्यानुसार महावितरणने २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कामे अदानी, एनसीसी, मॉन्टेकार्लो आणि जीनस या चार कंपन्यांस दिली. आणि विरोध वाढताच जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहीत असे जाहीर केले. त्यानंतर तेच स्मार्ट मीटर, वापरानंतर बिल येण्याच्या जुन्या पद्धतीने, टीओडी (वेळेनुसार दर लावणारे) मीटर या नावाने बसू लागले.

सर्वांत दृढ समज असा की, हे मीटर पळते. नवे मीटर लागल्यानंतर ज्यांचे बिल वाढून आले त्यांची तक्रार खोटी नाही. कारण मात्र बहुधा निराळे असते. तबकडी फिरणाऱ्या जुन्या मीटरात वर्षानुवर्षांच्या घर्षणाने गती मंदावते, आणि भिंतीवरच्या चार्जरसारखा अत्यल्प प्रवाह तर त्या तबकडीस हलवीतही नाही. अशा घरात अचूक मीटर आले की आजवर न मोजली गेलेली वीज बिलात दिसू लागते. शिवाय ज्या घराला ‘सरासरी बिल’ येत होते, तेथे मागचे राहिलेले युनिट एकाच महिन्यात दाखल झाले तर ग्राहक वरच्या टप्प्यात जातो आणि शंभर युनिटांच्या आतला स्वस्त दर त्याच्या हातून निसटतो. हे युनिट जितक्या महिन्यांचे असतील तितक्या महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ मागणे हा ग्राहकाचा न्याय्य हक्क आहे, आणि तो अर्ज करूनच मागावा लागतो.

मीटर बरोबर आहे की नाही याची प्राथमिक परीक्षा घरीच करता येते. त्याच्या दर्शनी भागावर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा तेथेच छापलेला असतो. समजा तो आकडा ३२०० आहे. घरातील सर्व उपकरणे बंद करून केवळ हजार वॅटची इस्त्री चालू ठेवली, तर ती तापत असेतोवर दिवा मिनिटाला सुमारे त्रेपन्न वेळा लुकलुकला पाहिजे. सत्तर-ऐंशी वेळा लुकलुकला, तर तक्रारीस आधार आहे. अशा तक्रारीसाठी केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये एक उपयुक्त तरतूद झाली : मीटरचे आकडे प्रत्यक्ष वापराशी जुळत नाहीत असे ग्राहकाने कळविल्यास कंपनीने पाच दिवसांच्या आत शेजारी दुसरे, पडताळणीचे मीटर बसवावे आणि किमान तीन महिने दोहोंची तुलना करावी. ही तरतूद ठाऊक असलेले ग्राहक मला फार थोडे भेटले, आणि ती कोणी आपण होऊन त्यांस सांगितलेली नसते, याचा खेद वाटतो.

तथापि इलेक्ट्रॉनिक मीटर चुकूच शकत नाही, हे म्हणणेही मान्य करता येत नाही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत नऊ मीटर तपासले असता, मंदक लावलेल्या एलईडी व सीएफएल दिव्यांच्या भारावर पाच मीटरांनी वापर अतोनात वाढवून दाखविला, त्यातील सर्वाधिक वाढ ५८२ टक्क्यांची होती. दोन मीटरांनी मात्र तो तीस टक्के कमी दाखविला. प्रयोगातील भार मुद्दाम विकृत ठेवलेला होता व दोष विशिष्ट प्रकारच्या संवेदकांचा होता, म्हणून तो प्रत्येक घरास लागू करणे चूक ठरेल. पण मीटर मानकानुसार तपासले गेले होते की नाही, हे विचारण्याचे प्रयोजन त्यातून सिद्ध होते.

दुसरा समज दोन्ही पक्षांना सारखाच सोयीचा आहे. कंपनी म्हणते मीटर विनामूल्य, विरोधक म्हणतात मीटरचे बारा हजार ग्राहकाच्या माथी. मीटर बसविताना ग्राहकाकडून रोख रक्कम घेतली जात नाही, हे खरे. पण सुमारे सत्तावीस हजार कोटींचे हे कंत्राट सव्वादोन कोटी मीटरांत विभागले तर एका मीटरमागे सरासरी बारा हजार रुपये येतात, हेही खरे. आणि त्यात केंद्राचे अनुदान महाराष्ट्रासारख्या राज्याला जास्तीत जास्त नऊशे रुपयांचे, तेही प्रीपेड पद्धतीशी जोडलेले. मीटर पुरवून वर्षानुवर्षे चालविण्याबद्दल कंत्राटदारास दरमहा जे द्यावयाचे, ते महावितरणच्या खर्चात धरले जाते आणि वार्षिक महसुली गरजेच्या वाटेने वीजदरात उतरते. गळती घटून वसुली सुधारली तर हा खर्च भरून निघेल असा युक्तिवाद आहे. तो फोल म्हणवत नाही. परंतु ती भरपाई खरोखर झाली की नाही, याचा विभागवार हिशेब लोकांपुढे मांडला गेला पाहिजे.

चोरीचेही असेच. मीटरच्या अलीकडे तारेवर आकडा टाकून घेतलेली वीज ग्राहकाच्या मीटरातून जातच नाही, मग ते कितीही हुशार असो. फीडरवर आणि डीपीवरही (रोहित्रावरही) मीटर बसवून, वर किती वीज आली आणि खालच्या सर्व घरांत मिळून किती मोजली गेली यांचा मेळ घातला, तरच चोरीचा ठिकाणा लागतो. किरणोत्सर्गाच्या भयाविषयी एवढेच सांगणे पुरे की, या मीटरातील संदेशवहन मोबाइलच्याच जातीच्या लहरींनी होते, आणि जो मोबाइल आपण कानाला लावतो त्याच्या मानाने दाराबाहेरच्या मीटरचे अंतर पुष्कळ अधिक असते.

ज्याचे भय धरावे असे जे आहे, त्याची चर्चा मात्र सभांतून फारशी होत नाही. पूर्वी मीटरवाचक महिन्यातून एकदा येऊन एक आकडा टिपून नेई. स्मार्ट मीटर अर्ध्या-अर्ध्या तासाचा वापर नोंदते, म्हणजे दिवसास अठ्ठेचाळीस आणि तीस दिवसांच्या महिन्यास चौदाशे चाळीस नोंदी. मीटरात कॅमेरा नाही, घरातले बोलणे ते ऐकत नाही, आणि अर्ध्या तासाच्या नोंदीवरून कोणती वाहिनी लागली होती हे कळत नाही. परंतु घर केव्हा उठते, दुपारी कोणी असते की नाही, दिवाळीत कुटुंब किती दिवस गावी गेले होते, रात्री कोण जागते, हे त्यातून वाचता येते. वीजवापराच्या आलेखावरून घरातली उपकरणे ओळखण्याची पद्धत ज्यांनी घडविली, त्या एमआयटीच्या जॉर्ज हार्ट यांनीच १९८९ साली या तंत्राचा उपयोग पाळत ठेवण्यासाठी होईल असे बजावले होते. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये सक्तीच्या स्मार्ट मीटरचे विधेयक याच कारणास्तव अडविले. अमेरिकेत नेपरव्हिल शहराच्या खटल्यात २०१८ साली अपील न्यायालयाने म्हटले की, दर पंधरा मिनिटांची नोंद घेणे ही घराची झडतीच होय. त्या प्रकरणात ती वाजवी ठरली, कारण नोंदीमागे फौजदारी कारवाईचा हेतू नव्हता.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदाही झाला. तरीही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ अन्वये पोलीस ठाण्याचा अधिकारी तपासासाठी लेखी हुकमाने दप्तर मागवू शकतो, त्याला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागत नाही. महिन्याच्या एका आकड्याच्या काळात ही बाब क्षुल्लक होती, आज ती तशी राहिलेली नाही. बिलासाठी लागणाऱ्या नोंदी किती मुदतीनंतर नष्ट होतात, कंत्राटदाराच्या माणसांना त्या कोणत्या कामापुरत्या पाहता येतात, हे ग्राहकास लेखी मिळाले पाहिजे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आणि दुसरी गोष्ट खटक्याची. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ अन्वये थकबाकीदाराचीही जोडणी तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पूर्वी नोटिशीनंतरही लाईनमन दाराशी येई, घरात आजारी माणूस आहे हे त्यास डोळ्यांनी दिसे, दोन दिवसांची सवड मागता येई. स्मार्ट मीटरातील खटका कार्यालयात बसून पाडता येतो. प्रीपेड पद्धतीत तर शिल्लक संपणे हीच नोटीस ठरण्याचा धोका आहे. येथे सर्वांत मोठा गैरसमज दडलेला आहे : प्रीपेड रद्द झाले म्हणून प्रश्न मिटला, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक आज भिंतीवर असलेले तेच मीटर, पेटी न बदलता, दुरून दिलेल्या एका आज्ञेने प्रीपेड होऊ शकते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम प्रीपेड पद्धतीचाच पुरस्कार करतात, तर कायद्याचे कलम ४७(५) प्रीपेड मीटर घेण्यास तयार असलेल्याकडून अनामत मागू नये असे म्हणते, म्हणजे निवड ग्राहकाची असल्याचे गृहीत धरते. मंत्र्यांच्या घोषणेने या दोहोंतील विसंगती मिटलेली नाही.

टीओडी मीटरसाठी दाखविले जाणारे दिवसाच्या सवलतीचे आमिष खोटे नाही. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकास सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत युनिटमागे ऐंशी पैसे ते एक रुपया सवलत ठरली. तिचा लाभ दुपारी घरी कपडे धुणाऱ्या, पाण्याचा पंप लावणाऱ्या कुटुंबाला होईल, कामावरून सातला परतणाऱ्यांना जवळजवळ नाही. उलट केंद्राचे नियम संध्याकाळच्या मागणीच्या वेळी घरगुती दर किमान एक दशांशाने चढविण्यास सांगतात.

हे सारे दर आणि शर्ती ठरविण्याचा अधिकार महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा आहे, आणि कलम ६४ अन्वये दराचा प्रस्ताव प्रसिद्ध करून लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेतल्याखेरीज आयोगास हुकूम देता येत नाही. जनसुनावणीच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात. त्यांत दिलेल्या मुदतीत, ‘रात्री वीज तोडू नये, घरात रुग्ण असल्यास प्रत्यक्ष भेटीवाचून खटका पाडू नये, ग्राहकाच्या लेखी संमतीवाचून मीटर प्रीपेड करू नये’, अशा तीन ओळींची हरकत कोणाही ग्राहकास, वकिलावाचून, साध्या मराठीत दाखल करता येते.