आजोबांची फियाट आणि इंधनाची नवी वाट

नागपूरहून भद्रावतीच्या पार्श्वनाथ तीर्थाकडे निघालेली मोटार दक्षिणेला साधारण ३० किलोमीटर गेली की बुटीबोरी लागते. आज तेथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची विस्तीर्ण वसाहत आहे. सूतगिरणीपासून पत्राकामापर्यंत नाना उद्योग तेथे नांदतात. या रस्त्याची जुनी आठवण मात्र अनेक व्यापारी घराण्यांत वेगळीच आहे. उन्हाळ्याच्या सुटीत दर्शनाला निघालेली फियाट भर दुपारी आचके देत थांबे. वडीलमंडळी बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकीत आणि मुले झाडाच्या सावलीत बसून शिदोरी सोडीत. अर्ध्या तासाने इंजिन निवे आणि प्रवास पुढे सुरू होई.

ती फियाट आज कित्येक घरांत गोदामाच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली आहे. पेढीचा उत्कर्ष तिने पाहिला, वरातीही तिनेच आणल्या. म्हणून ती भंगारात द्यायला मन धजत नाही. जैन समाजाचा तिच्याशी आणखी एक ऋणानुबंध आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. याच कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि तिचेच नवे नाव धारण केलेली प्रीमियर पद्मिनी देशभर पोहोचली. २००० सालच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

आता नव्या पिढीला ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणावीशी वाटते. कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवावे, म्हणजे सकाळी एका किल्लीत इंजिन सुरू होईल आणि उन्हात बंद पडणार नाही, असा सल्लाही मिळतो. सल्ला चुकीचा नाही. परंतु सारे लक्ष आणि सारा पैसा इंजिनावर खर्च होतो आणि डिकीकडची जुनी टाकी, जुने पाइप तसेच राहतात. इंजेक्शनचे यश आणि मागच्या आसनावर बसणाऱ्यांची सुरक्षितता या दोहोंचा निर्णय मात्र त्या टाकीतच होत असतो.

दाबातील अंतर

कार्बोरेटरच्या गाडीत पंप इंजिनाला चिकटून बसवलेला असतो. कॅमशाफ्टच्या फिरण्याने त्यातील पडदा वरखाली होतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. त्याचा दाब जेमतेम ०.२ ते ०.३५ बार असतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी वाटी असते. क्षणभर पुरवठा खंडला तरी त्या वाटीतल्या शिलकीवर इंजिन चालत राहते.

इंजेक्शनमध्ये ही वाटी नाही. संगणकीय नियंत्रक इंजेक्टरची झडप काही सहस्रांश सेकंद उघडतो आणि तेवढ्यात ठरलेल्या दाबाने पेट्रोलचा फवारा उडतो. बहुतेक मल्टिपॉइंट पद्धतींत हा दाब ३ बारच्या आसपास असतो, म्हणजे जुन्या पंपाच्या दहापट. काही थ्रॉटल बॉडी संचांना ४ बार लागतात, तर १९७३ मध्ये आलेल्या बॉशच्या के-जेट्रॉनिक पद्धतीत तो ५ बारच्या घरात असे. पेट्रोलऐवजी हवेचा एक बुडबुडा जरी पाइपात शिरला तरी इंजिन तत्क्षणी अडखळते. म्हणून जुना पंप येथे निरुपयोगी ठरतोच. साधी पोकळ टाकीही पुरेशी पडत नाही.

ज्या गाड्या कारखान्यातूनच इंजेक्शन घेऊन आल्या, त्यांचा प्रश्न सोपा आहे. १९९५ पासून पुण्यात जोडल्या गेलेल्या मर्सिडीजच्या ई-क्लास गाड्या आता तिशीच्या उंबरठ्यावर आहेत. अशा गाडीला उत्पादकाने सांगितलेल्या दाबाचाच आणि तेवढ्याच क्षमतेचा पंप बसवावा. नवी कल्पकता तेथे नको. खरी निवड करावी लागते ती कार्बोरेटरवरून इंजेक्शनवर येणाऱ्या गाडीसाठी.

टाकी कशी असावी

विदर्भाच्या उन्हात पहिला विचार उष्णतेचा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पेट्रोलमधील हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. पंप दूरवरून पेट्रोल ओढतो तेव्हा ओढणाऱ्या बाजूचा दाब घटतो आणि उकळणे अधिकच सोपे होते. ओल्या फडक्याचे कारण हेच होते. पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला, तर तो पेट्रोलला ओढत नाही, ढकलतो. दाबाखालचे पेट्रोल सहजी उकळत नाही. भोवतालच्या पेट्रोलने पंप थंड राहतो आणि त्याचा आवाजही गाडीत येत नाही. म्हणून रोज चालवायच्या गाडीसाठी टाकीतला पंप हीच पहिली पसंती असावी. बाहेर लावायचाच असेल, तर तो टाकीच्या तळापेक्षा खाली, टाकीला लागून आणि सायलेन्सरपासून दूर असावा.

दुसरा विचार हेलकाव्यांचा. टाकीत पाव भाग पेट्रोल असताना वळणावर किंवा जोराच्या ब्रेकला ते एका बाजूला धावते आणि पंपाचे तोंड उघडे पडते. त्यासाठी टाकीत आडवे पत्रे हवेत आणि पंपाभोवती एक खोलगट वाटी हवी, जिच्यात पेट्रोल साठून राहील. इंजिनाकडून परत येणारे जादा पेट्रोलही याच वाटीत सोडतात. मूळ टाकीत असे बदल शक्य नसतील, तर एक ते दोन लिटरची छोटी दुय्यम टाकी मधे घालतात. जुना कमी दाबाचा पंप ती भरत राहतो आणि तिच्यातून जास्त दाबाचा पंप इंजिनाला पुरवठा करतो. या मार्गाने मूळ टाकीला हात लागत नाही; मात्र दोन पंप आणि जास्तीचे सांधे सांभाळावे लागतात.

तिसरा विचार धातूचा. आता देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. गाडी पावसाळाभर उभी राहिली की पाण्याचा अंश वाढतो, तो तळाशी बसतो आणि साध्या पत्र्याला आतून गंज चढतो. कार्बोरेटरच्या जाळीत अडकणारा तो गंज इंजेक्टरचे सूक्ष्म छिद्र कायमचे बुजवू शकतो. कथिलाचा योग्य मुलामा असलेली पोलादी टाकी स्वस्त आणि मजबूत असते. स्टेनलेस स्टीलची टाकी महाग पडते, पण गंजाची चिंता मिटवते. अॅल्युमिनियम हलके असले तरी वेल्डिंगच्या रेषेवर सततच्या कंपनाने त्याला तडा जाण्याची भीती असते आणि पाणी मिसळलेल्या इथेनॉलचा त्यावरही परिणाम होतो. घराण्याची गाडी पुढच्या पिढीला द्यायची असेल, तर ३०४ जातीच्या स्टेनलेसचा खर्च वाया जात नाही.

टाकी नवी असो वा सुधारलेली, तिला हवा येण्याजाण्याची नळी हवी आणि गाडी उलटल्यास ती नळी बंद करणारी झडपही हवी. पेट्रोलच्या काट्याचा फ्लोट जुन्या काट्याशी जुळणारा घ्यावा, नाहीतर भरलेली टाकी रिकामी दिसते.

पंपाचा हिशेब

व्यापारी माणूस मागणी पाहिल्याशिवाय माल भरीत नाही. पंपालाही हाच न्याय लावावा. पेट्रोल इंजिनाला पूर्ण भारावर प्रत्येक अश्वशक्तीमागे तासाला साधारण ३०० ग्रॅम पेट्रोल लागते. पद्मिनीचे इंजिन सुमारे ४० अश्वशक्तीचे. म्हणजे तासाला १२ किलो, अर्थात सुमारे १६ लिटर. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असल्याने २० टक्के मिश्रणासाठी ही गरज १७ लिटरवर जाते. पंप जुना होईल, व्होल्टेज घटेल, म्हणून दीडपट धरावे; तरी आकडा २५ ते २६ लिटरवर थांबतो. इसुझूचे १८०० सीसी, ७५ अश्वशक्तीचे इंजिन असलेल्या अँबॅसडरसाठी हाच हिशेब ४८ लिटरपर्यंत येतो. आजच्या साध्या लहान मोटारीच्या टाकीतला पंपही ३ बार दाबावर एवढा पुरवठा सहज करतो.

तरीही शर्यतीच्या गाड्यांसाठीचा तासाला २५५ लिटरचा पंप मोठ्या हौसेने घेतला जातो. मोठा तो चांगला, ही समजूत येथे नडते. इंजिनाला न लागलेले पेट्रोल परत टाकीत येते. असा पंप ३५-४० लिटरच्या टाकीतले सारे पेट्रोल तासाला सहा वेळा तापलेल्या इंजिनाजवळून फिरवून आणतो. टाकी तापते, वाफ वाढते आणि ज्या रोगावर औषध घेतले तोच रोग परततो. शिवाय मोठा पंप वीज जास्त खातो. पंप घेताना नुसता लिटरचा आकडा पाहू नये. तो कोणत्या दाबावर आणि किती व्होल्टला दिला आहे, हे वाचावे. दाब वाढला की पुरवठा घटतो.

विजेची बाजूही तपासावी. इंजेक्शनचा पंप ५ ते ८ अँपिअर सतत घेतो. जुन्या गाडीत डायनामो असेल, तर मंद गतीवर तो पुरेशी वीज देत नाही. त्याऐवजी अल्टरनेटर बसवावा. पंपाला जाडसर तार, स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्यावा. इंजिन बंद पडताच नियंत्रकाने पंप बंद केला पाहिजे आणि धडक बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विचही जोडला पाहिजे. पंप थेट किल्लीला जोडून दिला, तर अपघातानंतर फुटलेल्या पाइपातून पेट्रोल दाबाने उडतच राहील.

पाइप, सांधे आणि रिकाम्या टाकीचा धोका

०.३ बारवर गळणारा सांधा थेंब टाकतो. ३ बारवर तोच सांधा फवारा उडवतो. म्हणून जुना रबरी पाइप आणि त्यावर आवळलेली साधी पट्टी येथे चालत नाही. इथेनॉलने जुने रबर फुगते, चिरते. बाहेरच्या जोडांसाठी एसएई जे३० आर९ दर्जाचा इंजेक्शनचा पाइप घ्यावा. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडणाऱ्या तुकड्यासाठी मात्र आर१० दर्जाचाच पाइप लागतो, कारण बाहेरचा पाइप आतबाहेर पेट्रोलमध्ये राहिला की कुजतो. पंपाच्या आधी १०० मायक्रॉनची आणि नंतर १० मायक्रॉनची गाळणी असावी. टाकी आणि मागचे आसन यांच्यामध्ये पत्र्याची सलग भिंत असावी. तिला भोके असल्यास ती बुजवावीत. त्या आसनावर घरातली मुले आणि वृद्ध बसणार असतात.

सर्वांत मोठी दक्षता जुन्या टाकीला वेल्डिंग करताना घ्यावी लागते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ती स्फोटक होते, आणि ‘रिकाम्या’ टाकीत नेमके हेच मिश्रण असते. उणे ४० अंशांतही पेट्रोलची पेट घेण्याजोगी वाफ तयार होते. मग नागपूरच्या दुपारची गोष्टच नको. पेट्रोलियम आणि स्फोटके यांच्या सुरक्षेची देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे, ‘पेसो’चे, मुख्यालय नागपुरातच आहे. तरीही रस्त्याकडेच्या दुकानात पाण्याने विसळलेल्या टाकीला ज्योत लावली जाते. पाण्याने विसळणे म्हणजे वाफ घालवणे नव्हे. बुटीबोरीसारख्या वसाहतीत आर्गन वेल्डिंगचे कुशल कारागीर असतात. त्यांच्याकडून कोऱ्या पत्र्याची नवी टाकी करून घ्यावी आणि कमी दाबाच्या हवेने पाण्यात बुडवून गळती तपासून घ्यावी. जुनी टाकी कोरडी करून मूळ भाग म्हणून जपून ठेवावी.

कागदपत्रांचा विचार

ती जपण्याला आणखी एक कारण आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आली. प्रथम नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९७४ ची पद्मिनी आता या वयोमर्यादेत आली आहे. म्हणजे कुटुंबाला आधी ठरवावे लागते, की गाडी वारसा म्हणून मूळ रूपात जपायची, की इंजेक्शन बसवून प्रवासाची करायची. दुसरा मार्ग घेतल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लक्षात घेऊन परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा.

काम पूर्ण झाल्यावर घाई करू नये. प्रथम पाच लिटर पेट्रोल घालून, इंजिन सुरू न करता पंप चालवावा आणि प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद फिरवून पाहावा. मग टाकी पूर्ण भरून पुन्हा तपासावे. त्यानंतर पाव टाकीवर मोकळ्या रस्त्यावर वळणे आणि ब्रेक यांची परीक्षा घ्यावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकता येत नाही. म्हणून कोरड्या पावडरचे अग्निशामक चालकाच्या हाताशी ठेवावे.

एवढे झाले की पद्मिनी भर मे महिन्यातही बुटीबोरी ओलांडून भद्रावतीला पोहोचेल आणि ओल्या फडक्याची गरज पडणार नाही. झाडाखाली थांबावेसे वाटलेच, तर ते शिदोरी सोडण्यासाठी.