व्याकरणाची चूक, व्यापारातला तोटा
नवी मुंबईतील व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी कामापुरते इंग्रजी

समजा, वाशीच्या मसाला बाजारातील एका व्यापाऱ्याला दुबईच्या गिऱ्हाईकाकडून हळदीची मागणी आली. बँकेमार्फत एल.सी. उघडली गेली. माल जहाजावर चढविण्याची मुदत तिच्यात ‘बिफोर १५ मार्च’ अशी लिहिली होती. व्यापाऱ्याने ती ‘१५ मार्चपर्यंत’ अशी वाचली. माल न्हावा-शेवा बंदरात पोहोचला, १५ मार्चलाच जहाजावर चढला आणि बिल ऑफ लेडिंगवर तीच तारीख पडली. माल उत्तम, वजन बरोबर, भाव ठरलेला. तरीही बँकेने कागदांत खोट काढली. कारण ‘बिफोर’ म्हणजे त्या तारखेच्या आधी. १५ मार्च त्यात धरली जात नाही. ‘अंटिल १५ मार्च’ असते तर धरली गेली असती.

गिऱ्हाईक भला असेल तर असे कागद तो स्वीकारील. पण मधल्या काळात बाजार उतरला असेल, तर याच एका शब्दावर बोट ठेवून तो भाव पाडून मागेल. पूर्ण कंटेनरचा फायदा एका अव्ययात बुडतो तो असा.

हा काही एखाद्या बँक मॅनेजरच्या मर्जीचा प्रश्न नाही. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे एल.सी.विषयक नियम ‘यू.सी.पी. ६००’ या नावाने १ जुलै २००७ पासून अमलात आहेत. या नियमांनुसार बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते. आणि कागदावरील लहान-लहान शब्दांचे अर्थ तेथे ठरवून दिलेले आहेत. वजनाच्या आधी ‘अबाउट’ लिहिले असेल तर दहा टक्के कमी-जास्त चालते. म्हणजे ‘अबाउट २० टन’ म्हणजे १८ ते २२ टन. तारखेच्या आधी ‘ऑन ऑर अबाउट’ असेल तर पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंतची मुभा मिळते. पण ‘४०० पोती’ असे नग मोजून लिहिले असेल आणि ‘अबाउट’ नसेल, तर ३९८ पोती चालत नाहीत.

शाळेत ज्याला आपण कंटाळवाणे व्याकरण म्हणत होतो, त्याची बाजारातील किंमत ही अशी आहे.

कागदाचे शहर

नवी मुंबईत हा प्रश्न अधिक जवळचा आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभे राहू लागले. १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार येथे आला. पुढे मसाला, धान्य, भाजी आणि फळांचे बाजारही आले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोजात कारखाने आहेत. म्हणजे येथील दुकानदाराला बंदर जवळ आहे आणि सुताराला, वेल्डरला मोठ्या कंपनीचे काम जवळ आहे. मात्र बंदर असो वा कंपनी, दोन्हींच्या दारात कागद उभा असतो आणि तो बहुधा इंग्रजीत असतो.

आमचे काही बुजुर्ग म्हणतात, “वाडवडिलांनी इंग्रजीवाचून धंदा केला, आमचेही चालेल.” वाडवडिलांनी धंदा केला हे खरे. पण त्यांच्यातल्याच दूरदृष्टीच्या माणसांनी इंग्रजीची गरज फार लवकर ओळखली होती. मुंबईचे व्यापारी तय्यबअली यांनी आपल्या मुलांना शिक्षणासाठी विलायतेला पाठविले. त्यांचे चिरंजीव बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांत ते पुढे होते. एका व्यापाऱ्याने घरात घेतलेल्या निर्णयाचा लाभ पुढे अनेक पिढ्यांना मिळाला.

दुसरा युक्तिवाद असा की, आता मोबाईल भाषांतर करून देतो. देतो, आणि त्याचा उपयोग जरूर करावा. पण भाषांतर चुकले तर सही मोबाईलची नसते, आपली असते. यंत्राने दिलेले वाक्य तपासण्याइतके तरी इंग्रजी सही करणाऱ्याला यायला हवे.

नेमके काय शिकावे?

सगळे व्याकरण शिकण्याची गरज नाही. आमच्या मते चार गोष्टींपासून सुरुवात करावी.

पहिली, काळ. आपल्याकडे घरातून पाऊल न टाकलेला माणूसही “निघालोच” म्हणतो, आणि “माल पाठवतोच आहे” याचा अर्थ दोन्ही बाजू समजून घेतात. इंग्रजी पत्रात ही सवलत नाही. ‘हॅज बीन सेंट’ म्हणजे माल गेला. ‘विल बी सेंट’ म्हणजे जाणार आहे. पहिले लिहून दुसरे केले, तर समोरचा आपल्याला खोटे ठरवितो.

दुसरी, ‘शॅल’ आणि ‘मे’. पनवेलच्या एखाद्या सुताराला कार्यालयाच्या फर्निचरचे काम मिळाले. करारात त्याच्यासाठी ‘शॅल कम्प्लीट’ आहे आणि कंपनीसाठी ‘मे पे ॲडव्हान्स’. याचा अर्थ काम पूर्ण करणे त्याच्यावर बंधनकारक आहे, पण आगाऊ रक्कम देणे कंपनीच्या इच्छेवर आहे. ॲडव्हान्स मिळणारच असे समजून त्याने लाकूड उधारीवर उचलले, तर तो अडकला. सही करण्यापूर्वी ‘मे’ च्या जागी ‘शॅल’ मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

तिसरी, ‘अ’ हे इवलेसे उपपद. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ती आपल्या हातून गळतात. तक्रारीच्या पत्रात ‘अ फ्यू बॅग्ज वेअर डॅमेज्ड’ लिहिले तर काही पोती खराब निघाली असा अर्थ होतो. ‘अ’ गाळला तर फारशी खराब निघालीच नाहीत असा होतो! भरपाई मागायची आणि आपणच ती हलकी करायची, असे घडते.

चौथी, तारीख आणि आकडा. ०४/०५ हे आपल्याला ४ मे वाटते, अमेरिकन माणसाला ५ एप्रिल. म्हणून महिना नेहमी अक्षरांत लिहावा. परदेशी बिलात ‘लाख’ लिहू नये, ‘हंड्रेड थाउजंड’ लिहावे.

निबंध म्हणजेच व्यापारी पत्र

शाळेत निबंधाला प्रस्तावना, मुद्दे आणि समारोप असत. व्यापारी पत्रालाही तेच हवे. पहिल्या परिच्छेदात आपण कोण व पत्र कशासाठी. दुसऱ्यात हकीकत: बिल क्रमांक, तारीख, नग. तिसऱ्यात आपली मागणी. शेवटी उत्तर किती तारखेपर्यंत हवे. एका परिच्छेदात एकच मुद्दा, एका वाक्यात एकच गोष्ट. ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ लिहिण्यापेक्षा नेमकी तारीख लिहावी, एल.सी.चे नियम तर असे मोघम शब्द विचारातच घेत नाहीत.

अलंकारांचेही थोडे ज्ञान असावे. उपमा म्हणजे ‘सिमिली’, रूपक म्हणजे ‘मेटाफर’, अतिशयोक्ती म्हणजे ‘हायपरबोली’. हापूस मधासारखा गोड आहे, ही उपमा. तिला कोणी हरकत घेणार नाही. पण ‘शंभर टक्के शुद्ध’ किंवा ‘आठ दिवसांत गुण’ हे अलंकार नव्हेत, ते दावे आहेत, आणि दावा सिद्ध करावा लागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. कवितेत शोभणारी अतिशयोक्ती पाकिटावर महागात पडते.

सुरुवात कोठून करावी?

पुस्तके आहेतच. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरणही सहज मिळते. पण आमचे सांगणे असे की पहिले पाठ्यपुस्तक म्हणजे आपलीच फाईल. दुकान बंद केल्यावर अर्धा तास काढावा. जुने एक बिल, एक करार, एक पत्र घ्यावे. अडलेल्या शब्दाखाली रेघ ओढावी, अर्थ वहीत लिहावा आणि तेच पत्र स्वतः पुन्हा लिहून पाहावे. घरात शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्यांच्याकडून तपासून घ्यावे. राज्यातील शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. त्यामुळे या बाबतीत मुले आपल्या पुढे आहेत. त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

उच्चार चुकला तर लोक हसतील, ही भीती सोडावी. हसण्याने धंदा बुडत नाही. न समजलेल्या कागदावर केलेल्या सहीने मात्र बुडतो. म्हणून आज रात्रीच कपाटातील एक करार बाहेर काढा आणि त्यात ‘शॅल’ किती आहेत, ‘मे’ किती आहेत आणि ते कोणाच्या वाट्याला आले आहेत, एवढे मोजून पाहा. अभ्यासाला तेथूनच सुरुवात होईल.