नळ, टाकी आणि महिन्याचा शेवटचा आठवडा

आमच्या कारखान्यात महिन्याचे पहिले दहा दिवस डिस्पॅचचं आवार ओस पडलेलं असायचं आणि शेवटचे पाच दिवस तिथे ट्रक लावायला जागा मिळायची नाही. 25 तारीख उलटली की ओव्हरटाइम सुरू, रात्रपाळीला जादा माणसं, क्वालिटीच्या टेबलापाशी ‘हा लॉट जाऊ द्या, पुढच्या वेळी बघू’ अशा विनवण्या. 31 तारखेला टार्गेट गाठलं की पेढे. 1 तारखेला मात्र मशिनं देखभालीला काढलेली, माणसं रजेवर आणि स्टोअर्समध्ये कच्चा माल संपलेला.

मी उत्पादन विभागात होतो. सहा वर्षं मी मनापासून मानत होतो की हा सगळा विक्री विभागाचा घोळ आहे. विक्रीवाल्यांना तो तितक्याच मनापासून आमचा वाटायचा. ग्राहकाला मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक होती: महिनाअखेरीला ही मंडळी सवलत देतात. म्हणून तो ऑर्डर तोवर हातात धरून बसायचा. ऑर्डर उशिरा आली की आमची धावपळ, धावपळीत टार्गेट गाठायला पुन्हा सवलत, आणि सवलत मिळाल्यामुळे पुढच्या महिन्यात ग्राहक आणखी निवांत. एका संध्याकाळी एका सहकाऱ्याने हे सगळं कागदावर बाणांनी जोडून दाखवलं. बाण फिरून जिथून निघाले तिथेच आले. त्या गोलात बाहेरचा शत्रू कुठेच नव्हता.

या पद्धतीला ‘सिस्टिम्स थिंकिंग’ म्हणतात हे मला नंतर कळलं. तिच्या एका मोठ्या प्रवाहाची सुरुवात अशाच एका कारखान्याच्या कोड्यातून झाली होती. जे फॉरेस्टर हा नेब्रास्कातल्या गुरांच्या रँचवर वाढलेला विद्युत अभियंता. एमआयटीत ‘व्हर्लविंड’ संगणकाचं काम गाजवून 1956 साली तो तिथल्याच व्यवस्थापन विद्यालयात आला. केंटकीतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत एक गोष्ट कुणालाच उलगडत नव्हती. कधी तीन-चार पाळ्यांचं काम, आणि काही वर्षांनी निम्मी माणसं घरी. व्यवस्थापकांचा रोख बाजाराच्या चढ-उताराकडे होता. माणसं घ्यायची किंवा कमी करायची आणि माल किती ठेवायचा हे कसं ठरवता, एवढंच फॉरेस्टरने त्यांना विचारलं आणि वहीत आठवड्यामागून आठवडा हिशेब मांडत गेला. बाहेरून येणाऱ्या ऑर्डरी स्थिर धरल्या तरी आकडे हेलकावे खात राहिले. झोका कारखान्याच्या आतल्याच नियमांनी चालू ठेवला होता. 1961 सालच्या ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या त्याच्या ग्रंथामागे ही वही आहे.

एमआयटीतल्या फॉरेस्टरच्या मंडळींनी एक खेळ तयार केला, ‘बिअर गेम’. नेतृत्वाचं शिक्षण द्यायचं म्हटलं तर मी आजही आधी हाच खेळ मांडतो. एका लांब टेबलावर चौघे बसतात: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. आपापसांत बोलायचं नाही. दर आठवड्याला मागच्याला चिठ्ठीवर ऑर्डर लिहायची, माल मात्र काही आठवड्यांनी हातात पडणार. शिल्लक मालाच्या प्रत्येक पेटीला आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, आणि देणं राहिलेल्या पेटीला एक डॉलर.

मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा वितरकाच्या खुर्चीवर स्टोअर्समधले एक ज्येष्ठ अधिकारी होते, तीस वर्षं माल हाताळलेले. आठव्या-नवव्या आठवड्याला त्यांचा साठा संपला. त्यांनी ऑर्डर वाढवली, माल आला नाही, आणखी वाढवली. पुढे तर खेळाचा नियम मोडून ते मागे वळून ओरडलेच, ‘‘अहो, माल सोडा की!’’ आणि मग एकदम सगळा माल आला. मागवलेला, विसरलेला, दोनदा मागवलेला. टेबलावर सोंगट्यांचे ढीग लागले, आणि त्यांनी पुढचे कित्येक आठवडे शून्याची ऑर्डर लिहिली. खेळ संपल्यावर ग्राहकाची मागणी कशी असेल याचा आलेख प्रत्येकाला काढायला सांगितला. सगळ्यांनी डोंगर-दऱ्या काढल्या. मग ग्राहकाच्या चिठ्ठ्या उलट्या केल्या. चार आठवडे 4 पेट्या, पाचव्या आठवड्यापासून अखेरपर्यंत 8. एकच पायरी. आमच्या त्या अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ त्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा चाळत राहिले.

एमआयटीच्याच जॉन स्टर्मन यांनी 1989 साली या खेळाच्या नोंदी तपासल्या तेव्हा संघांचा सरासरी खर्च आदर्श खर्चाच्या सुमारे दहापट निघाला. खेळणारे बुद्धू नव्हते. गोची उशिरात आहे. मागवलेला पण अजून हातात न आलेला माल माणूस हिशेबात धरत नाही. गच्चीवरच्या सोलरचं पाणी नळाला यायला वेळ लागतो, तोवर आपण अधीर होऊन तोटी पूर्ण पिरगाळतो आणि मग हात भाजतो, त्यातलाच हा प्रकार. नेमणुका, प्रशिक्षण, नवं मशिन, नवी शाखा, सगळीकडे हीच तोटी आहे. ज्याच्या हातात अधिकार जास्त, त्याची तोटी मोठी.

साठा आणि आवक-जावक यांचीही अशीच गल्लत होते. टाकीत पडणारी धार कमी केली म्हणजे पातळी उतरेलच असं नाही. जावक त्याहून कमी असेल तर पातळी चढतच राहते. हे वाचायला बाळबोध वाटतं, पण लिंडा बूथ स्वीनी आणि स्टर्मन यांनी एमआयटीच्या विद्यार्थ्यांना अशी साधी गणितं घातली तेव्हा त्यांतलेही पुष्कळजण चुकले. संस्थेतला विश्वासही मला असाच साठा वाटतो. तो थेंबाथेंबाने भरतो, आणि एका सर्क्युलरने त्याची जावक उघडी पडते.

दुसरा प्रवाह गुणवत्तेच्या बाजूने आला. 1950 साली जपानमध्ये व्याख्यानं देणारे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग पुढे आपल्या शिबिरांत लाल मण्यांचा प्रयोग करायचे. पेटीत 4000 मणी, त्यांतले 800 लाल. कामगार झालेल्या श्रोत्याने 50 खळ्यांची फळी पेटीत बुडवून बाहेर काढायची. लाल मणी म्हणजे सदोष माल. कुणाचे 7 येत, कुणाचे 13. डेमिंग साहेबाच्या थाटात पहिल्याला शाबासकी देत, दुसऱ्याला खडसावत आणि तिसऱ्याला कामावरून काढून टाकत. पेटीतच पाचवा हिस्सा लाल असताना कुणी मन लावून फळी बुडवली तरी काय फरक पडणार? वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म भरताना मला ती फळी आठवते आणि हात थांबतो.

याचा प्रत्यक्ष दाखला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा. जनरल मोटर्सने तिथला कारखाना 1982 साली बंद केला. दांड्या, वाद, खराब गाड्या यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. 1984 साली टोयोटाच्या भागीदारीत तो ‘नुमी’ नावाने सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, संघटनाही तीच. बदलली ती कामाची घडी. चूक दिसली की दोरी ओढून लाईन थांबवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. थोड्याच काळात तिथल्या गाड्या अमेरिकेतल्या उत्तम गाड्यांच्या पंक्तीला जाऊन बसल्या. ‘आमच्याकडे माणसंच चांगली नाहीत’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक साहेबाने ही हकिगत मुळातून समजून घ्यावी, असं मला कळकळीने वाटतं.

1990 साली पीटर सेंगे यांच्या ‘द फिफ्थ डिसिप्लिन’ने हा विचार जगभरच्या व्यवस्थापकांपर्यंत नेला. पुस्तक मोलाचं आहे, पण त्यानंतर भिंतीवर बाणांची चित्रं लावून कामकाज जसंच्या तसं ठेवण्याची एक रीतही पडली. याच विषयाचे अभ्यासक रसेल अॅकॉफ यांचा एक दाखला मला जास्त उपयोगी पडला. उत्तमोत्तम गाड्यांमधला सर्वांत चांगला एकेक भाग काढून जोडायचा म्हटलं तर गाडी उभीच राहणार नाही, कारण ते भाग एकमेकांत बसणारच नाहीत. प्रत्येक विभागाला वेगळं टार्गेट देणारे आम्ही वर्षानुवर्षं तेच करत होतो.

सर्वांत खोलवर गेल्या त्या डोनेला मेडोज. ‘लिमिट्स टू ग्रोथ’ (1972) या अहवालाच्या लेखकांपैकी एक. त्या 2001 साली गेल्या आणि ‘थिंकिंग इन सिस्टिम्स’ हे त्यांचं पुस्तक 2008 साली आलं. व्यवस्थेत नेमका कुठे हात घालावा याची त्यांनी बारा ठिकाणांची उतरंड मांडली आहे. आपण ज्यावर तासन्‌तास बैठका घेतो ते आकडे, टक्के आणि दर त्यात सर्वांत खाली. माहिती कुणापर्यंत पोचते, नियम कोण करतो, व्यवस्था कशासाठी आहे आणि आपण तिच्याकडे कोणत्या समजुतीने पाहतो, हे वर वर चढत जातं. फॉरेस्टर यांचं एक निरीक्षणही त्यांनी नोंदवलं आहे: कळीची जागा लोकांना बहुधा ठाऊक असते, फक्त ते ती उलट्या दिशेने ढकलत असतात.

आमच्या कारखान्यात ती कळ म्हणजे महिनाअखेरीची सवलत. ती वाढवून आम्ही प्रश्न सोडवू पाहत होतो. नव्या प्रमुखांनी ती बंद केली आणि टार्गेट महिन्याऐवजी आठवड्याला लावलं. पहिल्या महिन्यात विक्री पडली. दुसऱ्या महिन्यात आणखी पडली. मुख्य कार्यालयातून रोज फोन. मीही त्यांच्या केबिनमध्ये जाऊन ‘एवढ्या वेळेपुरती सवलत देऊ या’ असं सुचवलं. त्यांनी मला तो बाणांचा कागद दाखवला आणि ‘ग्राहकाला आपलं खरं वाटायला किती दिवस लागतील?’ एवढंच विचारलं. चौथ्या महिन्यात ऑर्डरी महिनाभर सारख्या येऊ लागल्या.

मग एक दिवस कंत्राटी कामगारांचा मुकादम भेटायला आला. महिनाअखेरीचा ओव्हरटाइम गेला, तर माणसांच्या घरखर्चाचं काय? आमच्या गोलात ग्राहक होता, विक्री होती, मशिनं होती. मुकादमाची माणसं नव्हतीच. ओव्हरटाइमच्या त्या पैशांवर त्यांचं महिन्याचं गणित उभं होतं, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्यासाठी पुढे पाळ्यांची नव्याने वाटणी केली, तरी काहींनी तोवर काम सोडलं होतं. ती बोच माझ्या मनातून गेलेली नाही.

गोल कुठवर काढायचा हा प्रश्न तत्त्वज्ञ वेस्ट चर्चमन यांनी तात्त्विक अंगाने फार पूर्वी मांडून ठेवला आहे. मला तो उमगला तो आपल्याच दुष्काळी पट्ट्यात. एकाची विहीर आटली की तो बोअर घेतो, त्याने शेजाऱ्याची आटते, मग शेजारी आणखी खोल जातो. पंपाला अनुदान म्हणजे इथली उलटी ढकललेली कळ. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवार 1989 साली सरपंच झाले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान यांनी पाण्याची आवक वाढली, पण गाव तेवढ्यावर थांबलं नाही. शेतीसाठी बोअरवेल नको, ऊस-केळी नको असं ठरलं आणि जावकेलाही तोटी बसली. पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसं आणि जनावरं, मग पिकं. माहिती एका माणसाच्या वहीत न राहता सगळ्या गावासमोर येते.

त्याच्याही आधी, 1972च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे हे पुण्यातले अभियंता-उद्योजक पुरंदर तालुक्यातल्या नायगावला जाऊन राहिले आणि त्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर ठरला नाही, माणसावर ठरला: माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतका. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या भूमिहीनाचंही नाव पाण्याच्या यादीत होतं.