एकोणीस एकांची संख्या

पाटीवर ओळीनें एकोणीस एक मांडावे : १११११११११११११११११११. भास्कराचार्यांनीं 'लीलावती'मध्यें (इ. स. ११५०) एक, दश, शत येथपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलीं आहेत; ही संख्या त्यांच्याहि पुढें एक स्थान जाते. आषाढीस आमच्या पंढरपुरीं लोटणारा समुदाय लाखांच्या स्थानींच मोजून संपतो, यावरून तिचा आवांका वाचकांच्या ध्यानीं यावा. तथापि तिचा खरा विशेष आकारांत नाहीं. ती मूळसंख्या आहे. म्हणजे एक व ती स्वतः यांवांचून अन्य कोणत्याहि पूर्णांकानें तिला निःशेष भाग जात नाहीं.

नुसत्या एकांच्या संख्यांत हा गुण फार दुर्मिळ. ११ मूळ आहे खरी. परंतु १११ म्हणजे ३ × ३७ आणि १११११ म्हणजे ४१ × २७१. एकांची गणतीच विभाज्य असेल तर आशाच नको. चार एकांचे दोन दोनांचे गट पडतात, म्हणून ११११ ला ११ नें भाग जातो. गणती मूळ असणें आवश्यक, पण तेवढें पुरेसें नव्हे. ११ नंतर हा मान थेट एकोणीस एकांस मिळतो, मग तेवीसांस. पुढें एकदम ३१७ एकांस.

आतां याची खात्री कशी पटवावी? या संख्येचें वर्गमूळ सुमारें १०५ कोटि. तेथवरच्या मूळसंख्या पांच कोटींहून अधिक. मिनिटास एक भागाकार, रोज आठ तास, असा क्रम धरला तरी तीनशें वर्षें लागतील! परंतु गणितशास्त्र सांगतें कीं, हिचा कोणताहि मूळ भाजक घेतल्यास त्याला ३८ नें भागून बाकी १ च उरली पाहिजे. या एका नियमानें अठरांपैकीं सतरा हिस्से श्रम वांचतात. १९१८ सालीं ऑस्कर हॉप्पे यांनीं दिलेली सिद्धता प्रसिद्ध झाली.

देवळालीच्या शाळेंत शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं एकांच्या वर्गांचा छंद घेतला व त्यांना 'डेम्लो संख्या' हें नांव दिलें. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१. असाच डौल नऊ एकांपर्यंत टिकतो. दहा एकांचा वर्ग मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो, आणि हातच्यामुळें मांडणी मोडते. नऊ वेळां जमलें म्हणून दहाव्यांदा जमेलच असें मानणारास येथें उत्तर मिळतें. सिद्धतेचें महत्त्व तें हेंच.

घरांतील मुलांस तेरा एकांची रांग द्यावी. तिच्या मूळ भाजकास २६ नें भागून १ उरला पाहिजे. अशी पहिली मूळसंख्या ५३. भाग जातो कीं नाहीं, हें आम्ही सांगत नाहीं. मुलांनींच पाटी घेऊन पाहावें.