सेल्फ लागतो, पण गाडी सुरू होत नाही

भाजी भरून पिकअप पहाटे दारात उभी आहे. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण सुरू होत नाही. अशा वेळी कुणी सांगतं, पंप गेला. मग हजारोंचा खर्च येतो. पण कधी कधी दोष असतो काही शे रुपयांच्या रिलेचा.

पेट्रोलवरच्या पिकअपमध्ये टाकीत विजेवर चालणारा पंप असतो. डिझेलच्या बऱ्याच गाड्यांत पंप इंजिनवरच असतो. त्यांना हे लागू नाही. रिलेचं काम विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरसारखं. थोडी वीज आतल्या कॉइलला मिळते, ती पट्टी ओढते आणि बॅटरीची पूर्ण वीज पंपाला जाते.

आधी टाकीत पेट्रोल आहे ना, ते बघा. मग सेल्फ न मारता चावी फक्त ऑन करा. टाकीकडून दोन-तीन सेकंद घूं असा आवाज आला, तर रिले बहुधा ठीक आहे.

आवाज नसेल तर चावी बंद करून फ्यूजची पेटी उघडा. ती बॉनेटखाली बॅटरीजवळ किंवा डॅशबोर्डखाली असते. फ्यूज आणि रिले कुठे आहेत, ते बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं. पंपाचा फ्यूज आधी बघा. तार तुटली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला.

फ्यूज चांगला असेल तर पंपाचा रिले सरळ वर ओढून काढा. हॉर्नच्या रिलेवर तोच नंबर आणि पायांची रचनाही तीच असेल, तर तो पंपाच्या जागी बसवा. चावी ऑन केल्यावर पंप वाजला, म्हणजे जुना रिले गेला. तो नमुना म्हणून दुकानात न्या आणि त्याच नंबरचा आणा. तरीही पंप वाजला नाही, तर दोष पंपात किंवा वायरिंगमध्ये असू शकतो. तिथे मेकॅनिकच हवा.

एक गोष्ट मात्र करू नका. रिलेच्या जागी वायरचा तुकडा लावून पंप चालवू नका. अपघातात इंजिन बंद पडलं की रिले पंपाची वीज तोडतो. वायर लावली तर पंप चालूच राहतो, आणि फुटलेल्या नळीतून पेट्रोल सांडून आग लागू शकते. पेट्रोलचा वास येत असेल, तर चावीलाही हात लावू नका.

गटाची गाडी असेल तर एक रिले आणि दोन-चार फ्यूज गाडीतच ठेवा. रिलेचा नंबर गटाच्या वहीत लिहा, म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी माहिती आपल्याकडे राहील.