वल्ह्याशिवाय कोळीनाच

उरणच्या मोरा बंदरावरून समोर घारापुरी दिसते. तिथल्या लेण्यात सहाव्या शतकाच्या सुमाराला कोरलेला नटराज आहे. आठ हातांतले बरेचसे तुटलेत, पायही मोडलेत. तरी कमरेतला तो बाक पाहताना अंगावर काटा येतो. चौदाशे वर्षं दगडात नाच टिकला! पण टिकला तो एकच क्षण. पाऊल त्याआधी कुठं होतं आणि पुढं कुठं पडणार होतं, ते दगडाला सांगता येत नाही.

तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या शिल्पकारांनी एक पाऊल पुढं टाकलं. तिथल्या मंदिराच्या गोपुरात नाट्यशास्त्रातली १०८ करणं, म्हणजे नाचाच्या मूळ हालचाली, कोरल्या आणि त्यांच्याबरोबर ग्रंथातले श्लोकही. चित्र आणि त्याची नोंद शेजारी शेजारी! अशी शिल्पं आणि ग्रंथ ताडून नृत्यांगना पद्मा सुब्रह्मण्यम यांनी करणांची हालचाल पुन्हा उभी केली. साताऱ्याच्या नटराज मंदिरातली करणशिल्पं त्यांच्याच आराखड्यावरून घडली आहेत.

आज हालचाल पकडायला खिशातला मोबाइल पुरतो. मीडियापाइपसारखी प्रणाली साध्या व्हिडिओतून शरीरावरचे ३३ बिंदू शोधते: खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे, टाचा. प्रत्येक बिंदूचे तीन आकडे आणि सेकंदाला ३० चित्रं धरली, तर एका नर्तकाचे सेकंदाला २,९७० आकडे होतात. पाच मिनिटांच्या नाचाचे जवळजवळ नऊ लाख! मग तो सांगाडा पडद्यावर फिरवून पाठीमागून पाहावा, संथ करावा, दोन गावांतल्या नाचातला कमरेचा झोका एकमेकांवर ठेवून ताडावा. घारापुरीच्या नटराजाला जे जमलं नाही, ते इथं सहज घडतं.

आता मोऱ्याच्या कोळीवाड्यातला नाच या कॅमेऱ्यापुढं उभा करू. पुरुषांच्या हातात वल्हं, बायकांच्या अंगावर घट्ट नेसलेलं लुगडं. लुगड्याआड गुडघे नीट दिसत नाहीत, तिथं संगणक अंदाज बांधतो. रांगेत एकाआड एक माणूस आला की अंदाज आणखी वाढतात. हे सुधारता येईल. कॅमेरे वाढवले की बरंच भागतं. खरा घोटाळा वल्ह्याचा आहे. प्रणालीला शरीर शोधायला शिकवलेलं असतं, वल्हं नव्हे. आकड्यांच्या फाइलीत खांदे पुढं झुकतात, मनगटं मागं येतात, कंबर भार पेलते, पण हातात काहीच नसतं. पाणी कापणारी माणसं हवा ढवळताना दिसतात.

मला हा मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. आता बहुतेक होड्यांना इंजिन आहे. लाटेविरुद्ध अंग कसं टाकायचं, सगळ्यांनी एका दमात कसं ओढायचं, हे ज्ञान रोजच्या कामातून ओसरलं आणि नाचात उरलं. कोळीनाच स्वतःच एक संग्रह आहे. आपण संग्रहाचा संग्रह करायला निघालो आहोत. म्हणून नाचाच्या चित्रीकरणाशेजारी, अजून वल्हवता येणाऱ्या म्हाताऱ्या कोळ्याचं प्रत्यक्ष वल्हवणंही टिपायला हवं. नाचातला झोका आणि होडीतला झोका यांची गाठ त्या नोंदीतच मारायला हवी.

गाणं आणि त्यामागचं जगणं यांची अशी गाठ मराठीत एकदा फार सुंदर मारली गेली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवी कोणी गायली, कुठल्या गावात, कशाबद्दल, हे ओवीसोबत नोंदलं. बर्नार्ड बेल यांच्या साथीनं त्याचं संगणकीय भांडार उभं राहिलं आणि आज ते पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतं. घरोघरचं दळण गिरणीत गेलं, तरी ओवीजवळ गाणारीचं नाव राहिलं. लोकनृत्याच्या किती व्हिडिओंवर नाचणाऱ्यांची नावं असतात? बहुतेकांवर फक्त ‘पारंपरिक’ असा शिक्का असतो, आणि तो पाहून मला वाईट वाटतं.

नाचांच्या नोंदींची मांडणीही तशीच हवी. कोकणातला एकच नाच कुणी जाखडी म्हणून शोधेल, कुणी बाल्या नाच म्हणून. दोघंही एकाच नोंदीपाशी पोचले पाहिजेत. कोळीनाचाच्या नोंदीतून नारळी पौर्णिमेकडे, हळदीच्या गाण्याकडे, होडी बांधणाऱ्याकडे वाट निघाली पाहिजे. पावलांना नावं नाचणाऱ्यांनीच द्यावीत. कुठला भाग जगाला दाखवायचा आणि कुठला कोळीवाड्यापुरता ठेवायचा, हेही त्यांनीच ठरवावं.

आणि ही नोंद यंत्राच्या भरवशावर सोडू नये. हालचाल टिपण्यासाठी संशोधक ज्याच्यावर विसंबले होते, त्या किनेक्ट कॅमेऱ्याचं उत्पादन मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये थांबवलं. त्याउलट बीव्हीएच नावाची हालचालीची फाइल साध्या अक्षरांत आणि आकड्यांत लिहिलेली असते: आधी सांध्यांची नावं, मग क्षणाक्षणाचे कोन. ती कुठल्याही संगणकावर उघडते, डोळ्यांनी वाचता येते. सांध्यांच्या त्या यादीत हाताच्या पुढं आणखी एक ओळ जोडता येते. तिथं वल्हं लिहायचं.